चाळी जातील, आठवणी राहिल्या पाहिजेत

मुंबईच्या कष्टकऱ्यांचा इतिहास वाड्या-हवेल्यांत सापडत नाही, तो चाळींत सापडतो. वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळी हे त्याचे ठळक उदाहरण होय. शहरातील घरांची टंचाई दूर करण्यासाठी १९२० साली सरकारने विकास खाते स्थापन केले व त्यानंतरच्या काही वर्षांत या चाळी उभ्या राहिल्या. एकूण इमारती २०७. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, नळ व संडास सामाईक. तेवढ्या जागेत कुटुंब राहिले आणि गावाहून नोकरीसाठी आलेला भाऊबंदही तिथेच टेकला.

आता या चाळी पाडून तेथे ५०० चौरस फुटांची घरे बांधली जात आहेत. वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. याचा आम्हांला आनंदच आहे. ज्यांनी पाण्यासाठी पहाटे रांगा लावल्या, त्यांना जुन्या भिंतींचे कौतुक सांगण्यात अर्थ नाही. परंतु भिंतींबरोबर आठवणीही जाऊ नयेत.

वृद्ध माणसांना साल विचारले तर ती गोंधळतात. म्हणून प्रश्न वेगळा विचारावा. ‘तुम्ही खोलीत आलात ते बाबासाहेब गेल्यानंतर की आधी?’ म्हणजे १९५६ हा खुंटा मिळतो. वरळीची दंगल म्हटली की १९७४, गिरण्यांचा मोठा संप म्हटला की १९८२. या खुंट्यांना धरून लग्न, बाळंतपण, नोकरी, जयंतीची मिरवणूक यांचा क्रम लागतो. चाळीचा व खोलीचा क्रमांक, मूळ गाव, गिरणी किंवा खाते आणि शेजाऱ्यांची नावे अवश्य लिहावीत. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहून ठेवावे, आपण निवाडा करू नये. जुनी भाडेपावती, रेशनकार्ड, लग्नपत्रिका रद्दीत देऊ नये.

राजगृहात जाण्यापूर्वी बाबासाहेब अनेक वर्षे परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिले. तेथील ५० व ५१ क्रमांकाच्या खोल्या आज आपण सांगू शकतो, कारण ते क्रमांक कोणीतरी जपले. आपल्या आईवडिलांच्या खोलीचा क्रमांक मात्र आपल्याशिवाय कोणी जपणार नाही. तेव्हा सामान बांधण्याआधी प्रत्येक घराने एक वही घालावी, एवढीच आमची विनंती.