गिटारची जवारी

गेल्या वर्षीं आचोळ्यास आमच्या घरीं एका लहानशा पेटीवरून मोठा वाद झाला. पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे. अर्ध्या विटेएवढी, पत्र्याची, वर तीन बटणें असलेली आणि पायानें दाबावयाची ती एक डबी होती. तिला पेडल म्हणतात. विद्युत्-गिटारचा स्वच्छ आवाज या डबींतून गेला कीं करकरीत, फाटल्यासारखा होऊन बाहेर पडतो. माझ्या पुतण्याला अशी डबी हवी होती; आणि चांगला आवाज पदरचे पैसे देऊन फाडून घ्यावयाचा ही कल्पना, तंबोऱ्याशेजारीं बसून मोठा झालेल्या मला, कांहीं केल्या पटेना.

आचोळें हें वसई रोड व नालासोपारा या दोन स्टेशनांच्या दरम्यान, रुळांच्या पूर्वेस आहे. जुन्या गांवाभोंवतीं आतां इमारतींची दाटी झाली असून एका घरची फोडणी दुसऱ्या घराला शिंकविते. वसईच्या परिसराला गिटार नवी नाहीं. येथील ख्रिस्ती वस्त्यांत तिचे सूर चर्चमध्यें व लग्नसमारंभांत कानीं पडतात. परंतु ती गिटार पोकळ लाकडी अंगाची. विद्युत्-गिटारचें अंग बहुधा भरीव असतें. तारेखालीं लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें बसविलेलें असतें. तें तारेचें कंपन टिपतें व त्यापासून एक क्षीण विद्युत्-प्रवाह उत्पन्न होतो. ॲम्प्लिफायरनें तो वाढविला म्हणजे कर्ण्यांतून ऐकूं येतो. पेडलचें स्थान गिटार व ॲम्प्लिफायर यांच्या मधल्या वाटेवर.

पुतण्यानें शिकवण्या करून सांठविलेल्या पैशांतून एक पेडल आणलें. निवडीची कसोटी त्याच्यापुढें एकच होती : सर्वांत दणदणीत कोणतें? घरच्या चिमुकल्या ॲम्प्लिफायरवर तो एकटा वाजवी तेव्हां आवाज मोठा भरदार वाटे. पुढें गणेशोत्सव आला. सोसायटीच्या मांडवांत तरुण मंडळींचा ऑर्केस्ट्रा होता. तेथें गिटारसाठीं वेगळा ॲम्प्लिफायर नव्हता, म्हणून त्यानें पेडलची तार सरळ मिक्सरमध्यें खोंवली. पहिल्याच गाण्याला गांधीलमाश्यांचें पोळें उठल्यासारखा आवाज झाला. तो कमी केला तर ढोलकी व की-बोर्ड यांच्या गर्दींत गिटार ऐकूंच येईना. वाढविला तर गाणाऱ्या मुलीचे शब्द बुडूं लागले. मध्यंतरानंतर तो गिटार मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. रात्रीं घरीं आल्यावर म्हणाला, "काका, तुमचेंच खरें. हा आवाजच वाईट."

वाद मीं जिंकला होता. पण अठरा वर्षांच्या मुलाचें तें उतरलेलें तोंड पाहून जिंकल्याचा आनंद होईना. मीं म्हटलें, "वस्तु वाईट कीं निवड वाईट, हें आधीं पाहूं." आणि आम्ही दोघे त्या विषयाच्या मागें लागलों.

प्रथम हा आवाज फाटतो म्हणजे काय होतें तें पाहूं. तारेपासून येणारा प्रवाह लाटांसारखा वरखालीं होत असतो. वाढविणाऱ्या यंत्राची एक कमाल उंची ठरलेली असते. लाट त्याहून उंच होऊं लागली कीं, छपराला टेकलेल्या झाडाच्या शेंड्याप्रमाणें, तिचा माथा छाटला जातो. लाटेचा आकार बदलला कीं स्वराचें अंतरंगहि बदलतें. वरचा व खालचा माथा सारखाच छाटला गेला तर मूळ स्वराच्या तिप्पट, पांचपट अशा कंपनसंख्येचे उपस्वर वाढतात. एका बाजूस अधिक छाटणी झाली तर दुप्पट, चौपट असेहि उपस्वर त्यांत मिसळतात.

येथें मी थबकलों. तंबोऱ्याची घोडी टोंकदार नसते; तिचा माथा रुंद व किंचित् उतरता असतो. तार आणि तो माथा यांच्यामध्यें सुताचा धागा सरकवीत सरकवीत आपण अशी जागा शोधतों कीं जेथें कंप पावणारी तार माथ्याला हळूच घासेल. शास्त्राच्या दृष्टीनें तो तारेच्या मोकळ्या कंपनाला केलेला अडथळाच होय; पण त्या अडथळ्यानेंच उपस्वर उमलतात आणि आपण समाधानानें म्हणतों, जवारी लागली. मिरजेच्या सतारींना व तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें; तेथील कारागिरांच्या हाताची परीक्षा या माथ्याच्या घासणींतच होते. सतारीच्या बाबतींत तर खुली जवारी व बंद जवारी असे दोन प्रकार जाणकार मानतात. जवारी तारेवर घडते आणि पेडलची करणी विजेंत घडते, हा फरक आहेच; परंतु उपस्वरांसाठीं मूळ आवाजांत मुद्दाम ढवळाढवळ करणें दोहोंकडे समान आहे. तंबोऱ्याचा आवाज फाटका आहे असें मीं जन्मांत कधीं म्हटलें नव्हतें. मग गिटारनेंच काय पाप केलें होतें?

गिटारच्या या आवाजाचा जन्म मात्र मोडतोडींत झाला. १९५८ सालीं लिंक रे या अमेरिकन वादकानें 'रम्बल' या रचनेसाठीं कर्ण्याच्या कागदी पडद्याला पेन्सिलीनें भोंकें पाडलीं. १९६१ च्या सुमारास नॅशव्हिल येथें एका ध्वनिमुद्रणाच्या वेळीं मुद्रणयंत्राचा एक भाग बिघडला व गिटारचा आवाज घोगरा झाला; तो लोकांना आवडला. १९६२ सालीं 'माएस्ट्रो' नांवाखालीं असा आवाज देणारी डबीच विक्रीस आली आणि १९६५ सालीं रोलिंग स्टोन्स या इंग्रज वाद्यवृंदानें आपल्या 'सॅटिस्फॅक्शन' या गीतांत ती वापरून जगभर गाजविली. मुंबईंतहि धोबी तलावाच्या रंगभवनांत १९८६ पासून भरूं लागलेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सवानें हा आवाज हजारों तरुणांच्या कानीं घातला.

बाजारांत या डब्या शेंकड्यांनीं मिळतात, पण त्यांचीं मुख्य कुळें तीनच : ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ. ओव्हरड्राइव्हला मी बंद जवारी म्हणतों. त्यांत डायोड नांवाचे बारीक भाग आवाज वाढविणाऱ्या मंडलाच्या परतीच्या वाटेवर बसविलेले असतात. लाट चढूं लागली कीं ते तिला आवरतात, पण तिच्या माथ्याची गोलाई बरीचशी राखतात. तार हळू छेडली तर आवाज जवळजवळ स्वच्छ, जोरानें छेडली तर दाणेदार, असा हाताचा प्रत्येक इशारा तें पेडल मानतें. जपानी 'बॉस' कंपनीचें १९७७ चें ओडी-१ आणि १९७९ चें 'आयबानेझ' ट्यूब स्क्रीमर हीं या कुळांतलीं नामांकित पेडलें. डिस्टॉर्शन ही खुली जवारी. तेथें लाट आधीं पुष्कळ वाढवितात आणि मग डायोड तिचा माथा सरळ कापतात. सिलिकॉनचा डायोड सुमारें ०.६ व्होल्टला हें काम सुरू करतो. १९७८ चें बॉस डीएस-१ हें त्याचें सुप्रसिद्ध उदाहरण. स्वर लांब टिकतो, धार येते, पण हलक्या व जड हातांतला भेद कमी होतो. फझमध्यें लाट जवळजवळ चौकोनीच होते; तो लोंकरीसारखा दाट आवाज एकेरी सुरांना शोभतो.

तेव्हां पहिला प्रश्न असा कीं आपण वाजविणार काय? याचें कारण गणितांत आहे. दोन स्वर एकदम छाटले गेले कीं त्यांच्या कंपनसंख्यांच्या वजाबाकीएवढा एक तिसरा स्वर उत्पन्न होतो. षड्ज २२० कंपनांचा धरला तर पंचम सुमारें ३३० कंपनांचा. वजाबाकी ११०, म्हणजे खालच्या सप्तकांतला षड्जच. म्हणून षड्ज-पंचमाची जोडी कितीहि तीव्र डिस्टॉर्शनमध्यें भव्यच लागते. आतां गिटारवरील शुद्ध गांधार घ्या. पडद्यांच्या समान वाटणीमुळें तो २७५ ऐवजीं सुमारें २७७ कंपनांचा असतो. वजाबाकी ५७ येते, आणि षड्ज तर ५५ ला हवा! हा बेसूर तळाशीं घुमूं लागतो. स्वच्छ आवाजांत जो चढा गांधार आपण सहन करतों, तोच येथें सगळें गढूळ करतो. चित्रपटगीतांच्या साथीला तीन-चार स्वरांचे मेळ सतत लागतात; त्यांना सौम्य ओव्हरड्राइव्हच बरें. आमच्या मुलानें नेमकें उलट केलें होतें.

दुसरा प्रश्न, आपण एकटे वाजविणार कीं चौघांत? ट्यूब स्क्रीमरसारखीं पेडलें खर्ज कमी करून मधले स्वर उचलतात. घरीं एकट्यानें ऐकतांना तो आवाज नाकांतला वाटतो. पण ढोलकीचा खर्ज आणि झांजेची झणझण यांच्या मधल्या मोकळ्या जागेंतून तोच स्पष्ट ऐकूं येतो. याउलट १९६९ च्या सुमारास निघालेल्या बिग मफसारख्या पेडलांत मधला भाग खोलगट असतो. एकट्यानें ऐकतांना तो आवाज प्रचंड, पण मेळांत शिरला कीं बुडतो. दुकानांत जें सर्वांत मोठें वाटतें तें मंडपांत सर्वांत आधीं हरवतें, तें यामुळें.

तिसरा प्रश्न, आवाज बाहेर पडणार कशांतून? गिटारच्या ॲम्प्लिफायरचा कर्णा सुमारें ५००० कंपनांच्या पुढचे स्वर फारसे उमटवीत नाहीं. माथे छाटल्यानें निर्माण होणारी कर्कश धार तोच गाळून टाकतो. मिक्सर व मंडपाचे मोठे कर्णे कांहींच गाळीत नाहींत. आमच्या गांधीलमाश्यांचें मूळ येथें सांपडलें. उपाय दोन : लहान ॲम्प्लिफायर शेजारीं ठेवून त्यासमोर मायक्रोफोन लावावा, किंवा कर्ण्याची गाळणी जिच्यांत अंतर्भूत आहे अशी डबी मध्यें जोडावी. आणखी एक गोष्ट. ज्याच्यापाशीं व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे त्यानें ओव्हरड्राइव्ह घेऊन त्या ॲम्प्लिफायरलाच थोडें ढकलावें. ट्रॅन्झिस्टरच्या लहान स्वच्छ ॲम्प्लिफायरवर ज्याला गडद आवाज हवा त्याला डिस्टॉर्शन अधिक उपयोगी पडतें.

प्रश्न सुटले कीं मगच दुकानाची पायरी चढावी. आम्ही गाडीनें मरीन लाइन्सला उतरून धोबी तलावावरील वाद्यांच्या दुकानांत गेलों, आणि आपली गिटार बरोबर नेली. परक्या गिटारवर केलेली परीक्षा व्यर्थ असते. डबीवर बहुधा तीन बटणें असतात : छाटणी किती, धार किती आणि एकंदर आवाज किती. प्रथम तिसरें बटण असें लावावें कीं पेडल चालू असो वा बंद, आवाजाची पातळी एकच राहील. मोठा आवाज कानाला नेहमींच गोड वाटतो, व पुष्कळसे ग्राहक तेथेंच फसतात. मग एक लांब स्वर, षड्ज-पंचमाची जोडी, पूर्ण मेळ, हलका हात आणि जड हात हें सर्व क्रमानें वाजवावें. शेवटीं गिटारवरचें आवाजाचें बटण निम्म्यावर आणावें. तेव्हां जें पेडल शहाण्यासारखें स्वच्छ होतें तें एकाच्या किंमतींत दोन आवाज देतें. जुनें पेडल घेतांना बटणें फिरवितांना खरखर होते काय, पायाचें बटण अडतें काय, हेंहि पहावें.

विजेची काळजी थोडक्यांत सांगतों. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट लागतात आणि मधला टोंक ऋण असतो. परंतु सर्वांचें तसें नसतें. डबीवरील खूण न पाहतां घरांतला कोणताहि अडॅप्टर जोडणें म्हणजे डबी जाळण्याची तयारी. आंत बॅटरी असेल तर वाजविणें संपतांच गिटारची तार उपसून ठेवावी. ती खोंवलेली असली कीं बॅटरी खर्च होत राहते.

राहतां राहिले शेजारी. निवासी भागांत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल आहे; पण आचोळ्यासारख्या दाट वस्तींत कायद्याआधीं भिंतच बोलते. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आपोआप फाटेपर्यंत वाढविणें आमच्यासारख्यांना शक्य नाहीं. पेडलचा खरा उपकार हा कीं तें तीच जवारी हळू आवाजांत देतें.

पुतण्यानें आपलें दणदणीत पेडल एका जोरकस संगीत वाजविणाऱ्या मित्राला दिलें, आणि बदल्यांत त्याचें जुनें ओव्हरड्राइव्ह व वर थोडे पैसे घेतले. त्या पेडलला तेथें योग्य घर मिळालें. तें वाईट नव्हतेंच. यंदा मांडवांत त्यानें छाटणीचें बटण पाव भागच फिरविलें, लहान ॲम्प्लिफायरपुढें मायक्रोफोन ठेवला आणि तो शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवीत होता. गाणारीचे शब्द ऐकूं येत होते आणि गिटारहि.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी तंबोरा लावीत होतों. तो दाराशीं उभा राहून ऐकत होता. थोड्या वेळानें म्हणाला, "काका, धागा किंचित् मागें घ्या. जवारी अजून उघडली नाहीं." मीं धागा मागें घेतला. त्याचें म्हणणें बरोबर होतें.