स्वप्नात जागं व्हायचं, तर आधी नीट झोपा

स्वप्न चालू असतानाच ‘अरे, हे तर स्वप्न आहे’ असं उमगणं म्हणजे ल्युसिड ड्रीमिंग, आपण सजग स्वप्न म्हणू. हे शिकायला घेणारे पुष्कळ, टिकणारे थोडे. ‘आज रात्रीच अनुभव घ्या’ असं सांगणारा एखादा व्हिडिओ पाहून सुरुवात होते, पंधरा दिवसांत वही कोपऱ्यात पडते आणि आपल्यात चिकाटीच नाही, अशी माणूस स्वतःची समजूत करून घेतो. चिकाटी बहुतेकदा असते, पण ती भलत्या ठिकाणी खर्च होते.

हे सगळं थोतांड आहे, असं मानणाऱ्यांसाठी आधी एक प्रयोग सांगतो. झोपेच्या ज्या टप्प्यात ठळक स्वप्नं पडतात, त्या रेम झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू लुळे असतात, डोळे मात्र हलतात. १९७५ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी याचाच उपयोग केला. ॲलन वर्स्ली यांनी स्वप्नातून, आधी ठरल्याप्रमाणे, डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून खूण केली आणि ती यंत्राच्या कागदावर उमटली. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं. तेव्हा शंका घ्यायचीच असेल, तर ती प्रकारावर नको, झटपट शिकवण्याच्या जाहिरातींवर घ्या.

‘मला स्वप्नंच पडत नाहीत’ ही तक्रारही नेहमीची. १९५७ मध्ये डिमेंट आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्यांना रेम झोपेतून उठवून विचारलं, तेव्हा सुमारे ८० टक्के वेळा स्वप्न सांगितलं गेलं. म्हणजे स्वप्नं पडतात, ती सकाळपर्यंत टिकत नाहीत. त्यावर उपाय साधा आहे. जाग आल्यावर मोबाइल उचलण्याआधी पडूनच आठवा आणि दोन ओळी का होईना, लिहा. नुसता ‘भीती वाटली, जिना होता’ एवढाच तुकडा हाती लागला तरी चालेल. पानभर लिहिण्याचा हट्ट धरणाऱ्यांचीच वही लवकर बंद पडते.

सर्वांत नुकसान करणारा गैरसमज असा, की जितकी झोप मोडाल तितकी प्रगती. रात्री तीनदा गजर, उशिरापर्यंत ‘सराव’, दुसऱ्या दिवशी ऑफिसात डुलक्या! झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं आणि रेमचा वाटा पहाटेकडे वाढत जातो. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडे म्हणतात. खरं होण्याचं सोडा, पण पहाटे स्वप्नं जास्त पडतात हे नक्की. जो साडेबाराला झोपून साडेपाचला उठतो, तो स्वप्नांचा ऐन हंगामच गमावतो. म्हणून या विद्येतली खरी शिस्त म्हणजे वेळेवर अंथरुणावर पडणं. कंटाळवाणी आहे खरी, म्हणूनच तिचे व्हिडिओ निघत नाहीत.

दिवसभर हाताची बोटं मोजत ‘मी स्वप्नात आहे का?’ असं विचारत राहिलं की काम होतं, हाही असाच समज. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठात डेनहॉम ॲस्पी यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवडाभर नुसतं एवढंच करणाऱ्यांना विशेष फरक पडला नाही. फरक पडला तो लाबर्ज यांच्या पद्धतीची जोड दिल्यावर: पाच तास झोपून उठायचं, नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं आणि ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल, तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल’ असं घोळवत पुन्हा झोपायचं. तिन्ही गोष्टी मिळून यशाचं प्रमाण १७ टक्के होतं. गंमत पुढेच आहे. हे वाक्य घोळवल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांच्यात ते जवळपास ४६ टक्क्यांवर गेलं. इथे स्मरणशक्ती कामाला लागते. घरी जाताना इस्त्रीचे कपडे घ्यायचे हे कोपऱ्यावर आल्यावर आठवावं, तशी. दात-ओठ खाऊन ती जागी होत नाही. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण इथे जवळजवळ कृतीसारखी वाचता येते.

किती दिवस लागतात? मार्की द’एर्व्हे द सें-दनी या फ्रेंच विद्वानानं १८६७ मध्ये स्वप्नांवर निनावी ग्रंथ छापला. पोरवयापासून तो स्वप्नं टिपून ठेवत असे. स्वप्नात असल्याचं भान त्याला पहिल्यांदा आलं २०७ व्या रात्री, आणि पुढच्यासाठी मात्र आठवडाभरच थांबावं लागलं. सर्वांना इतका वेळ लागत नाही, पण महिनाभरात काही घडलं नाही म्हणून ‘माझ्यात ते नाही’ असं ठरवणं उतावीळपणाचं आहे. पहिल्या वेळी आनंदाच्या भरात लगेच जाग येते, मग आठवडेच्या आठवडे काहीच नाही, हेही नेहमीचंच.

मध्येच जाग यावी, अंग हलू नये, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटावं, असं कधी झालं तर घाबरू नका. भुताखेताचा संबंध नाही. रेममधला स्नायूंचा लुळेपणा क्षणभर रेंगाळतो आणि थोड्या वेळात आपोआप जातो.

पहाटेचा गजर आठवड्यातून एक-दोनदाच लावा, तोही सुट्टीच्या आदल्या रात्री. निद्रानाश असेल, किंवा भास होण्याचा, खरं-खोटं यांची गल्लत होण्याचा त्रास असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.