कार्व्ह आउट
'कार्व्ह आउट' हे इंग्रजीतील एक फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापद व अव्यय मिळून एकच अर्थ देणारा शब्दसमूह आहे. मूळ अर्थ कोरून काढणे. प्रशासकीय इंग्रजीत मोठ्या प्रदेशातून नवा प्रदेश वेगळा करणे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून वाशिम जिल्हा अस्तित्वात आला, ती घटना इंग्रजीत याच क्रियापदाने सांगतात. मराठीत मात्र लेणी कोरतात, जिल्हे नव्हे. तेथे 'वेगळा केला' हेच योग्य. शिवाय वाशिमपुरते हे क्रियापद अर्धीच हकिकत सांगते, कारण वाशिम ब्रिटिशकालीन वऱ्हाडातही जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला. वाशिम व मंगरूळ तालुके अकोल्यात आणि पुसद यवतमाळात गेले. 'कार्व्ह अप' निराळे: तुकडे करून आपसांत वाटून घेणे.