तीन टन पेट्रोल

चाकुलिया, तेव्हाचा बिहार. मे १९४४. इथे अमेरिकी हवाई दलाच्या ४० व्या बॉम्बर्डमेंट ग्रुपचा तळ आहे. विमानं बी-२९, त्या काळातली सगळ्यात मोठी बॉम्बर. पण या दिवसांत ती बॉम्बपेक्षा पेट्रोलच जास्त वाहतात. अशाच एका फेरीचा हा दिवस. वेळा रोज थोड्या मागेपुढे होतात.

पहाटे ३:३०
क्रू चीफ विमानाखालीच आहे. दुपारी पत्रा इतका तापतो की हात टेकला तर फोड येतो. म्हणून दुरुस्ती रात्री नाहीतर पहाटे. चार इंजिनं, एकेकात १८ सिलिंडर, दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. म्हणजे १४४ प्लग. त्याच्यासारख्या मास्टर सार्जंटला महिना १३८ डॉलर, परदेशातल्या नोकरीचे २० टक्के वर. तेव्हाच्या भावाने साडेपाचशे रुपयांच्या आसपास. तेल तपासायचं, गळती पुसायची, कुठून गळतंय ते शोधायचं, पुन्हा पुसायचं.

पहाटे ५:००
इंजिन सुरू करण्याआधी पंखे हातानं फिरवायचे. खालच्या सिलिंडरांत रात्रभर तेल साचतं. तसंच इंजिन सुरू केलं तर मोडतं. पंख्याचा व्यास पाच मीटर. दोघं-तिघं एका पात्याला खांदा लावतात, रेटत पुढे जातात, मग पुढचं पातं. चारही इंजिनांचं झालं की शर्ट पिळून घ्यावेत इतके भिजलेले.

पहाटे ५:४५
अकरा जण आत. फ्लाइट इंजिनिअर को-पायलटच्या मागे, विमानाच्या शेपटीकडे तोंड करून बसतो. त्याला समोरची धावपट्टी दिसत नाही, फक्त काटे दिसतात. ही इंजिनं तापतात. मागच्या रांगेतल्या सिलिंडरांना हवा कमी मिळते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटतात, आग लागते. इंजिनाच्या आवरणात मॅग्नेशियम आहे. ते पेटलं की विझवणं कठीण. म्हणून जमिनीवर वेळ घालवायचा नाही. काटा चढायच्या आत विमान उचलायचं.

सकाळी ९:००
खाली आसाम मागे पडतो आणि हिमालयाचं पूर्व टोक सुरू होतं. वैमानिक याला ‘हम्प’ म्हणतात, उंटाच्या मदारीसारखं. ढग, बर्फ, उलटसुलट वारे. वाटेवर पडलेल्या विमानांचे सांगाडे डोंगरात विखुरलेत. समोरून वारा आला की इंजिनिअर पेन्सिलीनं हिशेब पुन्हा मांडतो, कारण पोचवायचं पेट्रोल इंजिनंच पिऊन टाकतात.

दुपारी १२:००
चीनमधलं शिनजिन, चेंगदूजवळ. धावपट्टी अडीच किलोमीटरहून लांब. चेंगदूभोवतीचे असे तळ लाखो चिनी शेतकऱ्यांनी १९४४ च्या जानेवारीपासून काही महिन्यांत उभे केले. नदीतले गोटे हातोडीनं फोडले, कावडीतून टोपल्या वाहिल्या, शेकडो माणसांनी दोर लावून दगडी रोलर ओढले. त्यांनी अंथरलेल्या खडीवरून आता साठ टनांचं विमान धावतं.

पंप लागतो. निघताना टाक्या काठोकाठ भरलेल्या. येण्यात जळलं ते गेलं, परतीला लागेल तेवढं ठेवायचं. उतरवलेलं पेट्रोल साधारण तीन टन. जवळपास ३,८०० लिटर. मला या आकड्यापाशी थांबावंसं वाटतं. इथून जपानवर एकदा बॉम्ब टाकून यायला एका विमानाला जेवढं पेट्रोल लागतं, तेवढं साठवायला अशा साधारण सहा फेऱ्या कराव्या लागतात.

दुपारी २:००
डबाबंद मांसाचं सँडविच, कॉफी, की परत. मागच्या गनरांनी दहा मीटर लांबीच्या बोगद्यातून सरपटत पुढे यायचं, गप्पा मारायच्या, पुन्हा सरपटत मागे जायचं.

रात्री ८:३०
चाकुलिया. विमान थांबेपर्यंत क्रू चीफ शिडी घेऊन उभा. पहिला प्रश्न इंजिनांचा. इंजिनिअर सांगतो, तिसऱ्याचं तापमान डोंगरावर चढलं होतं. आवरण उघडतात, टॉर्चच्या उजेडात मागचे सिलिंडर बघतात. एक बदलायला हवा. भांडारात शिल्लक नाही. शेजारी एक विमान नादुरुस्त उभं आहे, त्याचा काढायचा.

रात्री ११:००
वैमानिक झोपले. नाकावर फेऱ्यांची खूण म्हणून उंट रंगवतात, हल्ल्यांसाठी बॉम्ब. उंटांची ओळ लांब आहे, बॉम्ब अजून एकही नाही. पहिला हल्ला ५ जूनला, बँकॉकवर. तो इथूनच थेट निघेल. चेंगदूला साठवलेलं पेट्रोल लागेल १५ जूनच्या रात्री, जपानमधल्या यावाता इथल्या पोलाद कारखान्यावर जाताना. चेंगदूहून ६८ विमानं निघतील, यावातापर्यंत ४७ पोचतील.

क्रू चीफ नटबोल्ट मोजून टोपीत ठेवतो. सिलिंडर पहाटेच्या आत बसला पाहिजे.