चिकाटी एकट्याची नसते

आजचा विषय चिकाटी. अमुक माणूस फार चिकाटीचा, असं आपण सहज म्हणतो. पण ती चिकाटी टिकावी म्हणून घरातलं कोण कोण खपलं, हे विचारत नाही. आज एका घराकडे पाहून ते विचारू या. घर दादरचं, साल १९१२.

दादासाहेब फाळक्यांनी तेव्हा चाळिशी ओलांडली होती. छापखान्याचा धंदा सुटला होता. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले, यंत्रसामग्री घेऊन आले. पण सिनेमात पैसा घालायला कोण तयार होणार? मग त्यांनी कुंडीतलं वाटाण्याचं रोप वाढताना टिपलं आणि ती फिल्म दाखवून भांडवल मिळवलं. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. इथवरची गोष्ट आपल्याला माहीत असते.

आता पुढचं बघा. तेव्हा कोऱ्या फिल्मला कडेची भोकं नसायची. ती नसली तर यंत्राचे दाते फिल्म पुढे ओढणार कसे? म्हणून ती घरीच पाडायची, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई करत.

जरा हिशेब करू. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३७०० फूट. एका फुटात १६ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं. म्हणजे एका प्रतीची भोकं झाली पावणेपाच लाखांच्या घरात! यंत्र हाताशी होतं खरं, पण ते चालवायला माणूस लागतोच ना?

आणि दिवसा? सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. चित्रण चालू असताना उजेड परतवायला पांढरी चादर धरून उन्हात उभं राहणं. फिल्म धुण्यातही हात. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, म्हणजे लेकरूही कामाला लागलं. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला, त्यामागे हे सगळं घर होतं.

यात दादासाहेबांचं मोठेपण कमी होत नाही. ध्यास त्यांचाच होता. १९६९ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो, तो योग्यच आहे. पण एकट्याच्या जिद्दीची गोष्ट ऐकून एखादा तरुण कलेसाठी नोकरी सोडतो, तेव्हा घरखर्च कोण चालवणार, मुलांना कोण बघणार, हे बोलणं राहूनच जातं. वर्षं सरतात आणि जिच्या किंवा ज्याच्या जिवावर हे चाललं, ते माणूस थकून जातं.

तेव्हा तुमच्या घरात कुणी गाणं, नाटक, चित्रकला असं काही मनापासून धरलं असेल, तर एकदा सगळे मिळून बसा. कुणाचा वेळ जातोय, कुणाचे पैसे, कुणाची झोप, हे मोकळेपणानं बोला. कामं वाटून घ्या. आणि पहिला कार्यक्रम झाला की त्या माणसांची नावं चार लोकांत घ्या.