मागणी काय आहे तुमची?

ऑगस्ट २०११. तारीख आठवत नाही, पण पाऊस भुरभुरत होता एवढं पक्कं आठवतंय. दिल्लीत रामलीला मैदानावर अण्णा हजारेंचं उपोषण सुरू होतं आणि आमच्या तालुक्याच्या गावातही वातावरण अगदी भारलेलं होतं. संध्याकाळी सातला शिवाजी चौकातून मेणबत्ती मोर्चा निघणार होता. मी लवकर कुकर लावून, भाजी फोडणीला टाकून तयार झाले. शेजारच्या वहिनींनी हाक मारली, "चला लवकर, मेणबत्त्या संपतील!"

चपला पायात सरकवत होते, तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "मोर्चाला निघालीस होय? बरं केलंस. पण मागणी काय आहे गं तुमची?"

"लोकपाल, आई."

"म्हणजे काय?"

मला काही धड सांगता येईना. "अहो, म्हणजे... हे सगळे चोर आहेत ना, त्यांना आत टाकणारा!"

"सगळेच?"

"सगळेच!" मी ठणकावून सांगितलं आणि निघाले.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकीही कितीतरी जणी तेव्हा अशाच बाहेर पडल्या असतील. आपला राग काही खोटा नव्हता. टू-जी, राष्ट्रकुल स्पर्धा, आदर्श... रोज पेपर उघडला की नवा घोटाळा. आदर्श प्रकरणात तर २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना जावं लागलं होतं. पण खरं सांगू? माझा राग त्या कोटींच्या आकड्यांचा नव्हताच. लेकीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी चार हेलपाटे घातले होते आणि पाचव्या खेपेला 'चहापाणी' दिल्यावर तो दहा मिनिटांत मिळाला होता. तो राग मी मेणबत्तीबरोबर हातात धरून चालले होते.

घरी आले तर आई जाग्याच. १९७२ साली त्या गोरेगावात चाळीत राहायच्या. दुष्काळाचे दिवस, तेल-रॉकेल मिळायची मारामार. तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या हाकेला ओ देऊन बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. आमच्या सासूबाई त्यातल्याच एक, मांडीवरचं पोर शेजारणीकडे ठेवून गेलेल्या.

"मृणालताई समाजवादी, अहिल्याताई लाल बावट्याच्या," त्या सांगत होत्या. "एरवी त्यांचं एकमेकींशी कितीतरी बाबतीत पटत नसेल. पण तेल हवं, साखर हवी, रॉकेल हवं, यावर सगळ्या एक. आणि ते कुणाकडे मागायचं हेही ठाऊक होतं. सगळेच चोर म्हटलंस, तर उद्या मागणार कुणाकडे?"

तेव्हा मला त्यांचं बोलणं जुन्या पिढीचं वाटलं. आज वाटत नाही.

त्यानंतर काय झालं ते आपल्यासमोर आहे. लोकपालाचं विधेयक पहिल्यांदा लोकसभेत आलं १९६८ साली. कायदा संसदेत मंजूर झाला डिसेंबर २०१३ मध्ये आणि पहिले लोकपाल नेमले गेले मार्च २०१९ मध्ये! तोपर्यंत आपल्या मेणबत्त्या कधीच विझल्या होत्या. त्या आंदोलनातल्या काहींनी २०१२ मध्ये पक्ष काढला. २०१५ मध्ये त्याला दिल्लीत ७० पैकी ६७ जागा मिळाल्या, २०२५ मध्ये उरल्या २२. आणि ज्या काँग्रेसवर आपण चिडलो होतो, ती लोकसभेत २०६ वरून २०१४ मध्ये थेट ४४ वर आली.

ती काही उगाच आली नाही. आपल्या महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाणांचं 'बेरजेचं राजकारण' प्रसिद्ध आहे. म्हणजे सगळ्यांना बरोबर घ्यायचं, टोकाला जायचं नाही, विरोधकाशीही बोलणं तोडायचं नाही. मध्यममार्ग म्हणतात तो हाच. त्यातून बरंच काही उभं राहिलं. पण पुढे पुढे बेरीज घरातल्या घरातच होऊ लागली. कारखाना मुलाकडे, बँक पुतण्याकडे, जिल्हा परिषद सूनबाईंकडे. सगळ्यांना सांभाळून घेता घेता सामान्य माणूसच यादीतून गळला. तेव्हा मधली वाट ओस पडली, याचा पहिला दोष त्या वाटेवर ठाण मांडून बसलेल्यांचा.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. फ्रान्समध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात इंधनावरच्या करावरून पिवळी जाकिटं घातलेली माणसं रस्त्यावर आली. त्यांतली बरीचशी छोट्या गावांतली, रोज गाडी काढल्याशिवाय ज्यांचं भागत नाही अशी. त्यांत बायकाही पुष्कळ होत्या. आणि कित्येक वर्षं त्या देशावर आलटून-पालटून राज्य केलेल्या दोन जुन्या पक्षांच्या उमेदवारांना २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मिळून सात टक्केसुद्धा मतं पडली नाहीत. लहान गावातल्या माणसाचं कुणी ऐकत नाही, ही सल सगळीकडे सारखीच म्हणायची.

आपल्याकडे तर २०१९ नंतर कहरच झाला. ऑक्टोबरात आपण मतं दिली, नोव्हेंबरात पहाटेचा शपथविधी पाहिला, पाच दिवसांत दुसरंच सरकार आलं. २०२२ मध्ये एक पक्ष फुटला, २०२३ मध्ये दुसरा. ज्याच्या विरोधात मत दिलं, तोच आपल्या उमेदवाराच्या मांडीला मांडी लावून बसलेला! २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगाव या दोन्ही ठिकाणी दुसऱ्या क्रमांकाची मतं कुठल्या उमेदवाराला नव्हे, तर 'नोटा'ला पडली होती. आता हे फोडाफोडीचं सगळं पाहून लोक 'सगळेच चोर' म्हणाले, तर त्यांचं चुकलं कुठे?

चुकलं ते त्याच्या पुढे. सगळेच चोर म्हणून कुणी घरी बसत नाही हो. 'सगळेच चोर' या वाक्याचा पुढचा मुक्काम असतो, 'मग आमचा चोर बरा'. आणि एकदा तो 'आमचा' झाला की त्याला सगळं माफ. प्रश्न विचारायचे ते फक्त समोरच्याला!

आमच्या घरी २०२४ च्या गौरी-गणपतीत याची प्रचिती आली. लोकसभा होऊन गेली होती, विधानसभा तोंडावर होती. मोठे भावजी एका बाजूचे, धाकटे दुसऱ्या. २०११ मध्ये हेच दोघे भाऊ 'मी अण्णा' लिहिलेली टोपी घालून एकाच स्कूटरवरून मोर्चाला आले होते. आता जेवणाच्या पंगतीत आवाज चढले. धाकटे भावजी मोदक तसाच ठेवून उठले. मी मध्ये पडले, म्हटलं, "तुमचंही काही बरोबर आहे, त्यांचंही काही बरोबर आहे." तर दोघेही माझ्यावरच उखडले. "वहिनी, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?" फॅमिली ग्रुपचे त्या रात्री दोन ग्रुप झाले. मी दोन्हींत आहे आणि दोन्हींकडे संशयित आहे!

घरातलं एक वेळ सोडा. पण आमच्या वॉर्डात नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. पिंपं भरून ठेवायची, डास झाले की शिव्या खायच्या, टँकरचे पैसे वेगळे. राज्यातल्या कितीतरी गावांसारखी आमची नगरपालिकाही काही वर्षं प्रशासकाच्या ताब्यात होती. विचारायला नगरसेवकच नाही. मी म्हटलं, आपण बायका मिळून निवेदन देऊ. तर बचत गटातल्या निम्म्या जणी म्हणाल्या, "त्या असतील तर आम्ही नाही सही करणार. त्या त्यांच्यातल्या." उरलेल्या निम्म्याही तेच म्हणाल्या. पाणी कुणाच्याच घरी नव्हतं, पण सही एका कागदावर नको!

त्या संध्याकाळी मी चिडून हे आईंना सांगत होते. आता त्या एक्याऐंशीच्या आहेत, ऐकू कमी येतं. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं ते तेच, "पण कागदावर मागणी काय लिहिलीयस?"

मी कागद पुन्हा वाचला. वर मीच लिहिलं होतं, 'भ्रष्ट आणि निष्क्रिय कारभाराचा निषेध'. कुठलीही सरकारबाजू मानणारी बाई त्यावर सही कशी करणार? मी तो फाडला आणि नवा लिहिला. पाणी किती दिवसांनी येतं, कुठल्या गल्लीत दाब कमी आहे, टाकीचं काम कधीपासून बंद आहे, ते पुन्हा कुठल्या तारखेला सुरू करणार? एवढंच. तो घेऊन घरोघर गेले. एकीनेही नाही म्हटलं नाही. म्हणजे 'त्यांच्यातल्या' आणि 'आमच्यातल्या' चौसष्ट सह्या एकाच कागदावर!

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकेची निवडणूक झाली. प्रचाराला जो येईल त्याच्या हातात आम्ही त्या कागदाची झेरॉक्स ठेवली, पक्ष न बघता. निवडून आलेल्या बाईंना मी मत दिलं नव्हतं. तरी पहिल्याच आठवड्यात आम्ही सगळ्या त्यांच्याकडे जाऊन आलो. आता पाणी चौथ्या दिवशी येतं. रोज येत नाही, हे खरंय. टाकीचं काम तर अजून अर्धंच आहे. म्हणून महिन्यातून एकदा आम्ही जातो आणि तारीख विचारतो. त्यांना वैताग येत असणार. येऊ दे.

माझा राग अजून तेवढाच आहे, मैत्रिणींनो, तो जायलाही नको. फक्त आता घराबाहेर पडताना सोबत कागद असतो. मोठे भावजी आणि धाकटे भावजी अजून एकमेकांशी नीट बोलत नाहीत. पण दोघांच्या बायकांची सही त्या कागदावर आहे, एकीच्या खाली एक.