छोट्या मॉडेलचे भाग कशातून घडवावेत?

रणगाडा, विमान किंवा सैनिक यांच्या प्रमाणबद्ध मॉडेलच्या तयार संचात प्रत्येक भाग हवा तसा मिळतोच असे नाही. सैनिकाचा हात वेगळ्या तऱ्हेने वाकलेला हवा असतो, रणगाड्यावर गुंडाळलेली ताडपत्री दाखवायची असते, वैमानिकाच्या आसनाला पट्टेच नसतात. असे भाग हाताने घडवावे लागतात, आणि तिथे आड येते ते माप. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस १:३५ प्रमाणात सुमारे ४९ मिलिमीटरचा होतो, १:७२ मध्ये जेमतेम २४ मिलिमीटरचा. १:७२ मध्ये पाव मिलिमीटर जाडीचा पट्टा लावला, तर खऱ्या मापात तो १८ मिलिमीटर जाड ठरतो. गणपती घडवतात ती शाडू माती इथे उपयोगाची नाही. ती वाळताना आकसते, तिला तडे जातात आणि पातळ कडा मोडतात.

माल निवडताना किंमत किंवा नाव यापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा: भागाचा आकार माल मऊ असतानाच पुरा होणार आहे, की तो कडक झाल्यावर कोरून, घासून?

दोन्ही कामांसाठी सर्वांत भरवशाची आहे ती दोन भागांची इपॉक्सी पुट्टी. रेझिन आणि हार्डनर कणकेसारखे एकत्र मळले की रासायनिक क्रिया होऊन ती घट्ट होते. त्यात वाळून उडून जाणारे पाणी नसल्यामुळे ती जवळजवळ आकसत नाही. मात्र सगळ्या पुट्ट्यांचा स्वभाव सारखा नसतो. ‘ग्रीन स्टफ’ या नावाने ओळखली जाणारी पुट्टी निळ्या व पिवळ्या पट्टीच्या रूपात येते आणि मळल्यावर हिरवी होते. पट्टीत दोन रंग जिथे एकमेकांना चिकटलेले असतात, तेथील पुट्टी आधीच घट्ट झालेली असते. ती कापून टाकली नाही, तर तिचे कण नेमके चेहऱ्यावर येतात. ही पुट्टी सुरुवातीला फार चिकट असते, म्हणून मळल्यावर थोडा वेळ थांबून ओल्या हत्याराने काम करतात. कपड्यांच्या चुण्या, केस, चामड्याचे पट्टे यांसाठी तिला तोड नाही, कारण घट्ट झाल्यावरही ती किंचित लवचीक राहते. त्याच लवचीकपणामुळे ती नीट घासता येत नाही. पॉलिश पेपर लावला की तिचा पृष्ठभाग खरखरीत होतो.

ब्रिटनमध्ये बनणारी ‘मिलिपुट’ याच्या उलट आहे. मऊ असताना ओल्या ब्रशने ती गुळगुळीत करता येते. तीन-चार तासांत ती घट्ट होते. मग तिला कानस लावा, छिद्र पाडा, धारदार पातीने कोरा. शिरस्त्राणे, यंत्रांचे भाग तिच्यातून सुबक उतरतात, पण फार पातळ केली तर ती तुटते. दोन्ही पुट्ट्या एकत्र मळून मधला गुण साधण्याची पद्धत मूर्तिकारांत रूढ आहे, आणि ती खरोखर उपयोगी आहे. उन्हाळ्यात कोणतीही इपॉक्सी लवकर घट्ट होते, त्यामुळे एका वेळी थोडीच मळावी. आपल्याकडे सहज मिळणारे एम-सील मुळात गळती बुजवण्यासाठी आहे. बारीक नक्षीपेक्षा आतला गाभा भरण्यासाठी ते वापरावे.

फिमो, स्कल्पी अशी पॉलिमर क्ले भट्टीत साधारण ११० ते १३० अंश सेल्सियसला भाजेपर्यंत मऊच राहते. चेहऱ्यावर दिवसेंदिवस काम करता येते, हे तिचे मोठे बळ. पण संचाचे पॉलिस्टायरीन प्लास्टिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडते, शिवाय कच्च्या क्लेमधील मऊपणा देणारे द्रव्य त्या प्लास्टिकला खाते. म्हणून हा भाग तारेच्या सांगाड्यावर वेगळा घडवून, भाजून, मगच मॉडेलला चिकटवायचा. ठरलेल्या तापमानापेक्षा जास्त तापवल्यास क्लेमधून घातक वायू निघतो.

सरळ कडा आणि सपाट पृष्ठभाग पुट्टीतून काढण्याचा हट्ट धरू नये. पेट्या, झडपा, कप्पे यांसाठी पाव, अर्धा किंवा एक मिलिमीटर जाडीची स्टायरीन शीट कापून जोडावी; द्रावक सिमेंट दोन्ही तुकडे वितळवून एकजीव करते. मुठी आणि दांडे पितळी तारेचे, तर ताडपत्री पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवलेल्या टिश्यू पेपरची करावी. ट्यूबमध्ये मिळणारी एकेरी पुट्टी फक्त सांधे भरण्यासाठी आहे. तिच्यातील द्रावक उडून गेले की ती आकसते.

कच्च्या इपॉक्सीने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे घालावेत. घट्ट झालेली पुट्टी घासताना वॉटर पेपर ओला वापरावा आणि तोंडावर मास्क असावा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने मिलिपुटचे एक पाकीट, थोडी स्टायरीन शीट आणि पितळी तार एवढेच घ्यावे. चुण्या आणि पट्टे घडवायची वेळ आली की ग्रीन स्टफ आणावी.